नारळ दिला की श्रीफळ दिले?

शाळेतल्या समानार्थी शब्दांच्या यादीत 'नारळ = श्रीफळ' ही जोडी हमखास असते. झाड एक, फळ एक, करवंटीही एकच. आता ही दोन वाक्ये पाहा. 'संस्थेने जोशींना श्रीफळ दिले.' 'संस्थेने जोशींना नारळ दिला.' पहिल्या वाक्यात जोशींच्या खांद्यावर शाल आहे. दुसऱ्यात जोशी नोकरी शोधत आहेत, आणि हातात नारळसुद्धा नाही.

मग खरे समानार्थी शब्द म्हणायचे कोणाला? या प्रश्नावर वैयाकरण, तर्कशास्त्रज्ञ, बालमानसशास्त्रज्ञ आणि अलीकडे संगणकवाले असे सगळेच भांडत आले आहेत. भांडण बघायला मजेदार आहे, पण मी त्यात तटस्थ नाही. माझ्या मते बरेचसे भांडण चुकीच्या जागी चालते. समानार्थ शब्दांच्या जोडीत शोधायचा नसतो, तो वाक्यातल्या मोकळ्या जागेत सापडतो.

जुनी आणि अजून टिकून असलेली एक कसोटी सतराव्या शतकातल्या लाइबनित्स या जर्मन तत्त्वज्ञाची. एक शब्द काढा, त्या जागी दुसरा बसवा; वाक्याचा खरेखोटेपणा बदलला नाही, तर दोन्ही एकच. कसोटी सोपी वाटते, पण तिच्यात भलेभले शब्द नापास होतात. 'बारा' आणि 'डझन' घ्या. गणितात यांच्यात केसाचाही फरक नाही. बारा केळी आणली काय, डझनभर केळी आणली काय, फळवाला तेवढेच पैसे घेणार. पण मुलगी डझन वर्षांची होत नाही, आणि बुडालेला धंदा बाराच्या भावात जातो, डझनाच्या नाही.

इथे समोरचा लगेच म्हणतो, वाक्प्रचार मोजू नका, ती लबाडी आहे. मान्य. वाक्प्रचार बाजूला ठेवू. तरी अडचण सुटत नाही, हे गोटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने 1892 मध्ये दाखवून दिले. पहाटे पूर्वेला दिसणारा तेजस्वी तारा आणि संध्याकाळी पश्चिमेला दिसणारा तेजस्वी तारा, दोन्ही म्हणजे शुक्र ग्रहच. 'पहाटतारा म्हणजे पहाटतारा' हे वाक्य कोणालाही नवीन काही सांगत नाही. 'पहाटतारा म्हणजे सांजतारा' हे मात्र आकाश निरखून लावावे लागलेले शोधवाक्य आहे. दोन्ही शब्दांनी दाखवलेली वस्तू एकच असेल, तर दुसऱ्या वाक्यात ही जादा माहिती आली कुठून? फ्रेगेचे उत्तर असे, की शब्द कशाकडे बोट दाखवतो ही एक गोष्ट, आणि ते बोट कोणत्या बाजूने दाखवतो ही दुसरी. नारळ आणि श्रीफळ एकाच फळाकडे बोट दाखवतात. एक वाण्याच्या दुकानातून, दुसरे व्यासपीठावरून.

1951 मध्ये अमेरिकेत विलार्ड क्वाइन या तत्त्वज्ञाने याहून खोल खड्डा खणला. समजा, जगात ज्या ज्या प्राण्याला हृदय आहे, त्या त्या प्राण्याला मूत्रपिंडही आहे. मग 'हृदय असलेला प्राणी' आणि 'मूत्रपिंड असलेला प्राणी' हे शब्दप्रयोग साध्या विधानांत बेलाशक अदलाबदल करता येतील, विधान खरे ते खरेच राहील. पण त्यांचा अर्थ एक आहे, असे कोणी म्हणेल का? नाही. मग म्हणावे लागते की 'निव्वळ अर्थामुळे' अदलाबदल झाली पाहिजे. पण 'निव्वळ अर्थामुळे' म्हणजे काय, हे सांगायला पुन्हा समानार्थाचीच मदत लागते. क्वाइनचे म्हणणे होते, की या गोल गोल फिरण्यातून बाहेर पडायचा रस्ता दिसत नाही. त्याचे लाडके उदाहरण इंग्रजीतल्या 'बॅचलर'चे होते: बॅचलर म्हणजे अविवाहित पुरुष. मराठीत हे उदाहरण पहिल्याच पायरीवर घसरते. 'ब्रह्मचारी' म्हटले तर व्रत आले, 'सडाफटिंग' म्हटले तर खोलीतला पसारा डोळ्यांसमोर आला.

आपल्याकडे ही गुंतागुंत फार आधी लक्षात आली होती, आणि तीही निखळ व्यावहारिक कारणासाठी. वैदिक शब्दांची जुनी यादी म्हणजे निघंटू. त्यात पाण्यासाठी 101 शब्द गोळा केले आहेत. अमरकोशात पाण्याला सलिल, जल, पय, जीवन, वन अशी नावे आहेत. त्यातल्या 'वन'मध्ये आज पाण्याचा थेंबही उरलेला नाही. इतके पर्याय हाताशी असलेल्या भाषेचे व्याकरण लिहिताना पाणिनीपुढे प्रश्न होता: नियमात 'अग्नी' लिहिले, तर तो नियम पावक, अनल, वह्नी या सगळ्यांना लागू करायचा का? त्याचे उत्तर एका सूत्रात आहे: 'स्वं रूपं शब्दस्याशब्दसंज्ञा'. व्याकरणाच्या नियमात शब्द आला की, ती पारिभाषिक संज्ञा नसेल तर, त्या शब्दाचे रूपच घ्यायचे, अर्थ नाही. म्हणून 'अग्नेर्ढक्' या सूत्राने अग्नीपासून 'आग्नेय' तयार होतो. त्याच सूत्राने पावकापासून काही तयार होत नाही. अर्थ एक असला तरी शब्द म्हणून दोघांचे नशीब वेगळे.

अग्नीचा विषय निघालाच आहे, तर मराठीतला अग्नी पाहण्यासारखा आहे. आग, अग्नी, विस्तव, जाळ या चार शब्दांना कोणीही समानार्थी म्हणेल. गवताच्या गंजीला आग लागते. अग्नी लागत नाही. चितेला अग्नी देतात. 'चितेला आग लावली' असे म्हणणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका येईल. शेगडीत विस्तव असतो, आणि भाकरी करपू लागली की जाळ कमी करायला सांगतात. दल अग्निशमनाचे असते, पण रस्त्यावरून घंटा वाजवत धावतो तो आगीचा बंब. आणि ज्या दोन भावांचे पटत नाही त्यांच्यातून विस्तवच जात नाही. तिथे आग, अग्नी, जाळ यांपैकी कोणालाही प्रवेश नाही. चार शब्दांनी आपापला इलाखा वाटून घेतल्यासारखे दिसते.

ही वाटणी कशी होते, यावर फ्रेंच भाषावैज्ञानिक मिशेल ब्रेआल याने 1897 मध्ये लिहिले. (त्याच्याही आधी, 1718 मध्ये, गाब्रिएल जिरार या फ्रेंच धर्मगुरूने फ्रेंचमध्ये खरे समानार्थी शब्द नाहीतच, हे दाखवायला अख्खे पुस्तक लिहिले होते.) ब्रेआलचे म्हणणे साधारण असे, की एकाच अर्थाचे दोन शब्द भाषेत आले तर बोलणारे त्यांना फार काळ सारखे राहू देत नाहीत. एक वर सरकतो, एक खाली; एक कचेरीत जातो, एक गोठ्यात. गोठ्याचे तर शब्दशः खरे आहे. संस्कृत 'गर्भिणी'पासून मराठीत 'गाभण' आला. तो गाई-म्हशींकडे गेला आणि बाईसाठी गर्भवती, गरोदर राहिले. उच्चाराचा प्रवास सोडला तर शब्द तोच, पण आज तो बाईसाठी वापरला तर शिवी होते.

या नियमाचा मराठीतला सर्वांत सुंदर पुरावा मला रायगडावर दिसतो. शिवाजी महाराजांनी 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधानांची फारसी नावे बदलून संस्कृत नावे दिली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, वाकनिसाचा मंत्री, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. त्या दिवशी हे शब्द जितके समानार्थी होते तितके कोणतेच शब्द कधी नसतील; राजाज्ञेनेच एका पदाला दोन नावे मिळाली होती. पुढे काय झाले पाहा. 'पेशवा' म्हटले की आज शनिवारवाडा आठवतो, 'पंतप्रधान' म्हटले की दिल्ली. मुजुमदार, डबीर आणि सरनोबत दरबारातून निघाले ते थेट आडनावांत शिरले. मंत्री निवडणूक लढवू लागला, आणि सचिव स्पर्धा परीक्षा देऊन त्याच्या फायलींवर शेरे मारू लागला. पदे एकाची दोन झाली नव्हती. शब्द मात्र वेगवेगळ्या वाटांनी गेले. विसाव्या शतकात भाषाशुद्धीच्या चळवळीने 'तारीख'ऐवजी 'दिनांक' पुढे आणला, त्याचेही हेच. दिनांक छापील अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला. कोर्टात मात्र अजून तारीखच पडते.

उलट उदाहरणेही आहेत. कागद फारसीतून आला, पत्र संस्कृतातून. मराठीने दोघांना वेगळे न करता 'कागदपत्र' असे एकाच दाव्याला बांधले. बाजारहाट, धनदौलत, रीतिरिवाज यांचीही तीच गत. पाहुणा शब्द आला की त्याची ओळख घरच्या शब्दाने करून द्यायची, ही पद्धत मला फार आवडते.

शब्दांना वेगळे ठेवण्याची ही ओढ लहान मुलांतही दिसते. तीनेक वर्षांच्या मुलापुढे एक ओळखीची वस्तू, म्हणजे चमचा वगैरे, आणि एक कधी न पाहिलेली वस्तू ठेवायची आणि एखादा बनवलेला, निरर्थक शब्द उच्चारून 'ते दे' म्हणायचे. मूल बहुतेक वेळा अनोळखी वस्तू उचलते. चमच्याला नाव आहेच, मग हे दुसरे नाव दुसऱ्या कशाचे तरी असणार, असा त्याचा हिशेब. एलन मार्कमन आणि ईव्ह क्लार्क या मानसभाषाशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात यावर महत्त्वाचे काम केले. पण ज्या घरात पाणी, पानी आणि वॉटर तिन्ही चालतात, तिथल्या मुलाचे काय? क्रिस्ता बायर्स-हाइनलाइन आणि जॅनेट वर्कर यांनी 2009 मध्ये दीड वर्षाच्या आतबाहेरच्या मुलांवर कॅनडात केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. एकभाषी घरातल्या मुलांत ही ओढ ठळक होती, दोन भाषांच्या घरात पुसट, आणि तीन भाषांच्या घरात ती दिसलीच नाही. एका वस्तूला एकच नाव, हा हट्ट धरायचा की नाही, हे मूल घरातले बोलणे ऐकून ठरवते असे दिसते.

समानार्थ मोजता येतो का? 1965 मध्ये हर्बर्ट रूबेन्स्टाइन आणि जॉन गुडइनफ यांनी 51 विद्यार्थ्यांना इंग्रजी नामांच्या 65 जोड्या दिल्या आणि अर्थाच्या सारखेपणाला 0 ते 4 गुण द्यायला सांगितले. पहिल्या आलेल्या जोड्या होत्या 'जेम–ज्वेल' आणि 'मिडडे–नून'. त्यांचे सरासरी गुण 3.94. पैकीच्या पैकी कोणालाच नाहीत.

संगणकाची वाट वेगळी. शब्द कोणाच्या संगतीत वावरतो ते मोजायचे. ज्यांची संगत सारखी, त्यांचा अर्थ सारखा. 1997 मध्ये टॉमस लँडॉवर आणि सुसान ड्यूमे यांनी या कल्पनेवर उभ्या केलेल्या प्रणालीला टोफेल परीक्षेतले समानार्थी शब्दांचे 80 प्रश्न घातले. तिची 64 टक्के उत्तरे बरोबर आली, म्हणजे अमेरिकेत शिकायला येऊ पाहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरासरीइतकी. 2013 मध्ये गूगलमधून आलेल्या वर्डटूव्हेक या प्रणालीने हीच कल्पना प्रचंड मजकुरावर वेगाने राबवली. पण या पद्धतीत एक गमतीची खोट आहे. 'गरम' आणि 'थंड' यांची संगतही सारखीच: पाणी, हवा, दूध, डोके. त्यामुळे संगतीवरून काढलेल्या शब्दांच्या नकाशावर विरुद्धार्थी शब्द सख्ख्या शेजाऱ्यांसारखे येऊन बसतात.

प्रिन्स्टन विद्यापीठात 1985 पासून जॉर्ज मिलर यांच्या मार्गदर्शनाखाली वर्डनेट हा शब्दांचा जालकोश बांधला गेला. त्याच धर्तीवर मुंबईच्या आयआयटीत हिंदी आणि मराठी वर्डनेट तयार झाले. समानार्थी शब्दांचे गट हाच या कोशाचा पाया, तेव्हा व्याख्येला बगल देणे शक्य नव्हते. कोशकारांनी शहाणपणाने लाइबनित्सची कसोटी सैल केली: सगळ्या वाक्यांत नको, एखाद्या संदर्भात अदलाबदल चालली तरी पुरे. क्वाइनचे कोडे सुटले नाही, पण कोश तयार झाला.

सोळा आणे समानार्थी शब्द हवेच असतील, तर वनस्पतिशास्त्रात जावे. कडुनिंबाला लिनियसने 1753 मध्ये 'मेलिया अझाडिराक्टा' नाव दिले. 1830 मध्ये जुस्यूने त्याच झाडाला 'अझाडिराक्टा इंडिका' म्हटले. आज दुसरे नाव ग्राह्य आहे आणि पहिले त्याचे 'सिनॉनिम' म्हणून नोंदलेले आहे. इथे अर्थाच्या छटांवर चर्चा नसते. नाव ज्या मूळ नमुन्याला चिकटलेले असते, तो नमुना एकच असेल तर विषय संपला. अशी शिस्त नियमावली असलेल्या भाषेतच शक्य आहे. त्याच झाडाला आपल्याकडे कोणी कडुनिंब म्हणते, कोणी कडूलिंब, आणि त्यावरून माणूस कुठला हे ओळखायचा प्रयत्न लगेच सुरू होतो.

पण शब्दांपेक्षा जागेचे वजन जास्त, हे मला सर्वांत जास्त पटते ते एका वेगळ्याच ठिकाणी. देवळात नारळ 'फोडायचा' नसतो, 'वाढवायचा' असतो. बांगडी फुटली तर ती 'वाढवली', रात्री दुकान बंद केले तर तेही 'वाढवले'. एरवी वाढणे आणि फुटणे, वाढणे आणि बंद होणे यांची काही सोयरीक नाही. तरी त्या एका जागी ते निःशंक समानार्थी आहेत, कारण अशुभ बोलायचे नाही असा संकेत आहे. 'जातो' म्हणायचे नाही, हाही त्यातलाच. 'बरंय, येतो,' म्हणत पाहुणे चपला घालतात, आणि घरातले कोणीही पुन्हा चहा टाकायला उठत नाही.