हायड्रिया आणि अँफोरा : घड्याचे कान मोजावेत

संग्रहालयाच्या कपाटात प्राचीन ग्रीक घडे ओळीने मांडलेले असले की त्यांतला हायड्रिया कोणता आणि अँफोरा कोणता, हे नवख्याला चटकन उमगत नाही. दोन्ही मातीचे, दोन्ही पोटाशी फुगीर. अशा वेळी पोटाकडे न पाहता कान मोजावेत. अँफोराला मानेच्या दोन्ही बाजूंनी उतरणारे दोन उभे कान असतात. हायड्रियाला तीन असतात: भरलेला घडा दोन्ही हातांनी उचलता यावा म्हणून अंगाला दोन आडवे आणि पाणी ओतताना किंवा रिकामा घडा नेताना धरण्यासाठी मागे एक उभा.

नावांचा उगमही वेगळा आहे. ग्रीक 'हुदोर' म्हणजे पाणी, त्यावरून 'हुद्रिआ'. आपले 'उदक' त्याच मुळाचे आणि हायड्रोजनमधले पाणीही तेच. अँफोरा हे लॅटिन रूप आहे. होमरच्या ग्रीकमध्ये तो 'अम्फिफोरेउस' होता, पुढे झिजून 'अम्फोरेउस' झाला. 'अम्फि' म्हणजे दोन्ही बाजूंना आणि 'फेरो' म्हणजे वाहून नेणे. संस्कृतातील 'अभितः' आणि 'भृ' ही त्यांचीच भावंडे. एक नाव घड्यात काय भरायचे ते सांगते, तर दुसरे तो उचलायचा कसा एवढेच. म्हणूनच अँफोरात द्राक्षमद्य असो वा अथेन्सच्या स्पर्धांतील विजेत्यांना मिळणारे ऑलिव्हचे तेल, नावाला बाध येत नाही.

हायड्रियाची ओळख पटवायला तर खुद्द ग्रीक चित्रकाराची लेखी साक्ष आहे. फ्लोरेन्समधील 'फ्रांस्वा' पात्रावर, इ.स.पूर्व ५७० च्या सुमारास, क्लेइतिआसने ग्रीक वीर अखिलीस ट्रॉयचा राजपुत्र ट्रोयलोस याचा पाठलाग करतानाचा प्रसंग रंगवला. त्यात घोड्यांच्या पायांखाली एक घडा लवंडलेला आहे आणि त्याच्याजवळ 'हुद्रिआ' असे चक्क लिहिलेले आहे. पुढे अथेन्समध्ये हायड्रियांवरच पाणवठ्याची चित्रे काढली गेली. त्यांत भरलेला घडा बाईच्या डोक्यावर उभा असतो आणि रिकामा आडवा, हे पाणी वाहणाऱ्यांच्या सवयीतले बारकावे चित्रकारांनी नेमके टिपले आहेत.

मात्र नावात पाणी असले तरी वापरात ते दरवेळी नसे. इ.स.पूर्व ४०६ मध्ये आर्गिनुसाईच्या सागरी लढाईनंतर अथेन्सच्या सेनापतींवर खटला चालला, तेव्हा प्रत्येक गणासाठी (नागरिकांच्या विभागासाठी) दोन हायड्रिया ठेवून, दोषी मानणाऱ्याने एकात आणि निर्दोष मानणाऱ्याने दुसऱ्यात मत टाकावे, असा प्रस्ताव आल्याचे ग्रीक इतिहासकार झेनोफॉन नोंदवतो. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हाद्रा दफनभूमीत तर मृतांच्या अस्थी आणि राख ठेवायलाही हेच तीन कानांचे घडे वापरले गेले.