सड्यावर डायनोसॉर आलाच नाही, त्याची गोष्ट

जूनमध्ये सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या माळावर, गेलात तर कातळात जागोजागी खळगे भरलेले दिसतात, आत बेडकांची पिल्लं वळवळत असतात, आणि त्यातला एखादा खळगा नेमका तीन बोटांसारखा फुटलेला असतो. लगेच फोटो निघतो, व्हॉट्सअपवर फिरतो, 'कोकणात डायनोसॉरची पावलं!' आमच्या आजीच्या वेळी हेच खळगे भीमाचे होते. आता कोकणात जिओपार्क, म्हणजे खडकांसाठी जपलेला प्रदेश, करायचा विषय निघाला की तो फोटो हमखास परत येतो, म्हणून जरा मागचं सांगतो.

पाऊल उमटायला चिखल लागतो. तो थोडा वाळायला हवा, मग त्यावर हळूच दुसरा गाळ बसायला हवा, आणि पुढे सगळ्याचा मिळून दगड व्हायला हवा. जैसलमेरजवळ थईयात गावात २०१४ साली ज्युरासिक काळातली पावलं सापडली ती अशाच गाळाच्या खडकात. कोकणाचा बराचसा पाया मात्र साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे डेक्कन ट्रॅपचा. उकळत्या लाव्हावर कोण पाय ठेवणार? आणि वरचा जांभा, म्हणजे सड्याचा तो लालसर दगड, तर त्याहून नवा, डायनोसॉर संपल्यावर लाव्हाच्या त्याच काळ्या दगडावर ऊन-पाऊस खाऊन खाऊन तयार झालेला. ते तीन बोटांचे खळगे पाण्याने खाल्लेले आहेत, बाकी काही नाही.

महाराष्ट्रात डायनोसॉर नव्हते असं नाही हं. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्यांची हाडं मिळतात, शेणाचे दगड झालेले गोळेसुद्धा मिळतात, आणि तिथल्या अशा गोळ्यांमध्ये गवताचे अंश असल्याचं २००५ साली जाहीर झालं, तोवर डायनोसॉरच्या काळात गवत असेल असं फारसं कुणी मानत नव्हतं.

आपल्या किनाऱ्याच्या वाट्याला काय आलं तर बेडूक! लाव्हाचा एक थर गार झाला, त्यावर तळं साचलं, गाळ बसला, परत लाव्हा आला. अशा मधल्या गाळात वरळीला इवल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले. त्यांचं वर्णन १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने केलं, आणि गंमत म्हणजे 'डायनोसॉर' हा शब्द पाचच वर्षं आधी याच माणसाने काढला होता.

जिओपार्कला डायनोसॉर लागतोच असं कुठे आहे? युनेस्कोने २०१५ पासून हे अधिकृत लेबल सुरू केलं, त्यात खडक महत्त्वाचा असावा लागतोच पण गावकऱ्यांचा सहभागही बघतात आणि दर ४ वर्षांनी परत तपासणी होते. भारताकडे अजून असा एकही नाही.

खडक म्हणाल तर जांभाच घ्या. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कडक. फ्रान्सिस बुकानन या ब्रिटिश प्रवाशाने मलबारात लोक हा दगड विटेसारखा कापताना बघितलं आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात लॅटिनमधल्या विटेवरून त्याला 'लॅटेराइट' नाव दिलं. आपले गवंडी सरळ चिरा म्हणतात. ह्याच जांभ्यावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा तो सुमारे १८ मीटरचा हत्ती कोरलाय, पोटात मासे नि प्राणी घेऊन. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि चिरेखाणीचं मशीन चालतं तेही अशाच सड्यांवर.