लहान मोटारसायकल : चालवणे आणि देखभाल

लहान मोटारसायकल म्हणजे साधारण १०० ते १२५ सीसी क्षमतेचे, एका सिलिंडरचे व बहुधा हवेने थंड होणारे फोर-स्ट्रोक इंजिन असलेली, चार किंवा पाच गिअरची आणि चेनने मागचे चाक फिरवणारी दुचाकी. तिचे स्वतःचे वजन ११० ते १२० किलोच्या आसपास असते. भारतात या वर्गाचा पाया १९८५ मध्ये बाजारात आलेल्या हिरो होंडा सीडी १०० या ९७.२ सीसीच्या गाडीने घातला. त्याच सुमारास आलेली यामाहा आरएक्स १०० चपळ होती, पण टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलसोबत ऑइलही जाळत असे. कमी पेट्रोलात जास्त अंतर कापणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्या नोकरदार, शेतकरी, दूधवाले आणि फिरते विक्रेते यांना अधिक परवडल्या. १९९४ च्या स्प्लेंडरने आणि नंतर पुण्याच्या बजाज ऑटोच्या बॉक्सर, सीटी १००, प्लॅटिना या गाड्यांनी हा वर्ग खेडोपाडी नेला.

‘ॲव्हरेज किती देते?’ हा या गाडीबद्दल विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो आणि तिच्या देखभालीची दिशाही बहुतेक वेळा त्यावरूनच ठरते. मालकाचे लक्ष पेट्रोलवर आणि गॅरेजवाल्याचे कान इंजिनाच्या आवाजावर असतात. टायर, ब्रेक, चेन आणि दिवे यांच्याकडे मात्र ते निकामी होईपर्यंत कोणी पाहत नाही. वास्तविक इंजिन बिघडले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, एवढेच बहुधा घडते. उरलेल्या चार गोष्टींतील कोणतीही बिघडली तर माणूस पडतो. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती. सुमारे आठ अश्वशक्तीची ही गाडी निरुपद्रवी वाटते, म्हणून हे प्रमाण आधी ध्यानात घेतलेले बरे.

गाडी थांबवण्याचे कौशल्य ती पळवण्याच्या कौशल्यापेक्षा दुर्मीळ आहे. ‘पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते’ ही समजूत इतकी पक्की आहे की वर्षानुवर्षे गाडी चालवणारे अनेकजण फक्त मागच्या ब्रेकवर पाय ठेवून असतात. ब्रेक लागताच गाडीचा व माणसाचा भार पुढच्या चाकावर सरकतो, मागचे चाक हलके होते आणि एकटा मागचा ब्रेक जोरात दाबल्यास ते लॉक होऊन घसरू लागते. थांबण्याची खरी ताकद त्यामुळे पुढच्या ब्रेकमध्ये असते. तो झटक्याने न दाबता, हँडल सरळ असताना, वाढत्या जोराने दाबायचा असतो आणि त्याच वेळी मागचाही लावायचा असतो. वळणात झुकलेल्या गाडीवर किंवा वाळू, खडी, शेण अशा सुट्या थरावर मात्र पुढच्या ब्रेकचा जोर हलका ठेवावा लागतो. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी ४० किमीऐवजी ६० किमी वेग असेल तर ते दीडपट न होता सव्वादोनपट होते. शिवाय ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी, चालकाला धोका दिसून त्याचा हात हलेपर्यंतच्या एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे गेलेली असते.

भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेक प्रणाली सक्तीची झाली. त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी प्रणाली) आले. लहान गाड्यांत एकत्रित प्रणालीमुळे मागच्या ब्रेकचा पायटा दाबला की पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. सवयीने पुढचा ब्रेक न वापरणाऱ्यांसाठी ही सोय मोलाची आहे, परंतु ती वायरींवर चालते आणि वायर ताणली गेल्यावर किंवा गंजल्यावर तिचा परिणाम गुपचूप कमी होतो. ड्रम ब्रेकमध्ये लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, झिजत जातात तसतसा लिव्हरचा आणि पायट्याचा ढिलेपणा वाढतो. हाताच्या लिव्हरला १० ते २० मिमी आणि पायट्याला २० ते ३० मिमी मोकळी हालचाल असावी, असे बहुतेक पुस्तिकांत दिलेले असते. नट आवळून ती राखता येते, मात्र ब्रेक दाबल्यावर ड्रमच्या आर्मवरील बाण झीज दाखवणाऱ्या खुणेपर्यंत पोहोचला की आणखी आवळण्यात अर्थ नसतो, लायनर बदलावेच लागतात. ते स्वस्त असतात. तरीही ‘अजून एक महिना निघेल’ हे वाक्य गॅरेजमध्ये सर्वाधिक त्यांच्याबाबतच ऐकू येते.

चेनचे काम ब्रेकशी जोडलेले आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. चेन ज्यांवर फिरते त्या दोन दातेरी चाकांच्या, म्हणजे सॉकेटांच्या (स्प्रॉकेटांच्या), मध्यावर, खालच्या बाजूने चेन वरखाली साधारण २० ते ३० मिमी हलावी. ती सैल झाली की आवाज करते, कव्हरवर आपटते, आणि फारच सैल झाली तर सॉकेटवरून उतरून चाक जाम करू शकते. ताण देण्यासाठी एक्सलचा नट सैल करून मागचे चाक मागे सरकवतात. हे करताना चिमट्याच्या (मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या न ठेवल्यास चाक तिरके बसते, गाडी एका बाजूला ओढते आणि सॉकेटचे दात एकाच अंगाने झिजतात. चाक मागे गेले की ब्रेकच्या रॉडवर ताण येऊन मागचा ब्रेकही आपोआप आवळला जातो. तो पुन्हा सैल केला नाही, तर चालताना लायनर ड्रमला घासत राहतात, हब तापतो आणि मालक ॲव्हरेज पडल्याची तक्रार करत पुन्हा गॅरेजला येतो. म्हणून चेन ताणून घेतल्यावर चाक हाताने मोकळे फिरते का, एक्सलचा नट पक्का आहे का आणि ब्रेक पॅनेलला धरणाऱ्या पट्टीचा नट व पिन जागेवर आहेत का, हे गाडी ताब्यात घेण्यापूर्वीच पाहावे. चेनला वंगण म्हणून ९० नंबरचे गिअर ऑइल किंवा त्यासाठीचा स्प्रे वापरतात. वापरलेले काळे इंजिन ऑइल ओतण्याची पद्धत रूढ आहे. त्यातील कचरा चेन झिजवतो आणि उडालेले थेंब टायरवर जातात.

टायरच्या हवेचा अंदाज पायाने दाबून घेणे हा निव्वळ समाधानाचा प्रकार आहे. १०० सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे २५ पीएसआयच्या आसपास आणि मागे एकट्यासाठी २८ च्या आसपास हवा लागते. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात बरीच जास्त भरावी लागते आणि नेमका आकडा चेन कव्हरवर किंवा पुस्तिकेत छापलेला असतो. हवा टायर थंड असताना तपासावी. ट्यूबच्या टायरमध्ये पंक्चर झाल्यावर हवा झपाट्याने जाते. मागचे चाक पंक्चर झाले तर गाडीची शेपटी डोलू लागते आणि पुढचे झाले तर हँडल जड होते. दोन्ही वेळा हँडल घट्ट सरळ धरून, ॲक्सिलरेटर सोडून, चांगल्या असलेल्या चाकाचाच ब्रेक हलक्याने लावून थांबायचे असते. मधोमध झिजून सपाट झालेला मागचा टायर कोरड्या रस्त्यावर कुरकुर करत नाही, त्याचे रूप पहिल्या पावसात दिसते.

पावसाळ्याचा पहिला आठवडा विशेष धोक्याचा असतो, कारण रस्त्यावर साचलेले ऑइल आणि धूळ पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो. नंतरच्या जोरदार सरींनी तो वाहून जातो. रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणे आणि रेल्वेचे रूळ मात्र पावसाळाभर निसरडे राहतात आणि रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडावे लागतात. साचलेल्या पाण्यातून जायचेच झाले तर पहिल्या गिअरमध्ये, रेस सोडून न देता जावे आणि बाहेर पडल्यावर ब्रेक हलके दाबून ड्रम कोरडे करून घ्यावेत. इंजिन पाण्यातच बंद पडले आणि पाणी एअर फिल्टरपर्यंत आल्याची शंका असेल, तर पुन्हा किक मारणे टाळावे. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. वॉशिंग सेंटरवर धुतलेल्या गाडीचेही पहिले काही ब्रेक असेच कमजोर असतात. धुतल्यानंतर चमक यावी म्हणून डिझेल किंवा ऑइलचा फवारा मारण्याची सेवा बऱ्याच ठिकाणी मिळते. लायनरवर आणि टायरवर ऑइल जाते, हे पाहता ती नाकारलेलीच बरी.

घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करण्याची सवय सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आढळते. वाचणारे पेट्रोल नगण्य असते आणि गिअरमुळे इंजिनाचा जो रोध मिळतो तो गमावला जातो. सगळा भार ड्रमवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेले लायनर पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये चढ चढता येतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा ट्रकवाल्यांचा नियम दुचाकीलाही लागू पडतो. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट देणे हे तर कायद्याचेच बंधन आहे. गिअरची रचनाही सर्व गाड्यांत सारखी नसते : चार गिअरच्या बऱ्याच गाड्यांत सगळे गिअर पुढच्या टोकाने दाबून पडतात, तर पाच गिअरच्या गाड्यांत बहुधा पहिला खाली आणि बाकीचे वर असतात. दुसऱ्याची गाडी नेणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे. घाईत गिअर वाढवायला गेलेला पाय उलट दिशेला पडला, तर मागचे चाक क्षणभर अडकते.

ओव्हरटेक करताना या गाडीच्या मर्यादा उघड्या पडतात. ताशी ६० किमीनंतर तिची ओढ मंदावते, त्यामुळे लांब ट्रेलर किंवा एसटी मागे टाकायला चालकाच्या अंदाजापेक्षा जास्त रस्ता लागतो. ट्रकच्या डाव्या बाजूने घुसणारा दुचाकीस्वार तर ट्रकचालकाला पुष्कळदा दिसतच नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर दुचाकींना बंदी आहे, आणि वेगातील ही तफावत पाहता ती योग्यच म्हणावी लागेल. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असताना कायम पेटलेला राहतो. तो इतरांना आपण दिसावे म्हणून असतो. जुन्या गाड्यांत रेस कमी झाली की दिवा मंदावतो आणि रात्री दिसणारे अंतर थांबण्याच्या अंतरापेक्षा कमी होते. गाळप हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगर भागांत रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्यांच्यामागे रात्री दिव्याच्या टप्प्याबाहेरचा वेग ठेवणे म्हणजे आंधळेपणाने धावणे होय.

वजनाचा हिशेब साधा आहे. या वर्गातील गाडीची वहनक्षमता साधारण १३० किलोच्या घरात असते. दोन धडधाकट माणसे बसली की ती संपते. तिसरा माणूस, गॅस सिलिंडर किंवा दोन्ही बाजूंच्या दुधाच्या किटल्या यांनी मागचे शॉकअप दाबले जातात, पुढचे चाक हलके होते, दिवा वर बघू लागतो आणि ब्रेकचे अंतर वाढते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२८ नुसार चालकामागे एकालाच बसता येते. कलम १२९ चालक आणि मागे बसणारा या दोघांवरही हेल्मेटची सक्ती करते. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या मृतांची नोंद ५०,०२९ होती, आणि त्यांतील १४,३३७ मागे बसलेले होते. आयएस ४१५१ मानकाची खूण असलेले हेल्मेट हनुवटीखाली पट्टा लावल्याशिवाय उपयोगी पडत नाही. मागच्या चाकाला निम्म्याहून कमी नाही इतके आच्छादन आणि मागे बसणाऱ्यासाठी पकड व पायटे असणे नियमानेच आवश्यक आहे; पदर किंवा ओढणी चाकात गुंडाळली जाऊन होणारे अपघात भीषण असतात, आणि तरीही शोभेसाठी साडीगार्ड काढून टाकणारे आढळतात. गोव्यात पिवळ्या मडगार्डच्या गाड्यांवर प्रवासी नेणारे परवानाधारक ‘पायलट’ अनोळखी माणसाला मागे बसवूनच दिवस काढतात. मागचा प्रवासी घाबरून वळणाच्या विरुद्ध बाजूला झुकला तर गाडी वळवणे अवघड होते, म्हणून नवख्याला सरळ, चालकाच्या ओळीत बसायला आधीच सांगणे इष्ट ठरते.

इंजिनाची गरज तुलनेने थोडी असते. त्यात एक लिटरच्या आतबाहेर ऑइल असते आणि तेच गिअर व क्लचलाही वंगण पुरवते. हा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असल्याने मोटारकारचे, घर्षण कमी करणारे ऑइल टाकल्यास प्लेटा घसरू लागतात. डब्यावर जासो एमए हा, अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलचा, दर्जा पाहून घ्यावा. उत्पादकानुसार दर ३,००० ते ६,००० किमीला ऑइल बदलतात, पण पातळी मधूनमधून पाहावी लागते, कारण इतक्या थोड्या ऑइलातून पावशेर जरी जळाले तरी उरलेले लवकर तापते. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर आणि वेळोवेळी टॅपेट व प्लग तपासणे पुरेसे होते. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांतून कार्बोरेटर, आणि त्याबरोबर चोक व रिझर्व्हची चावी गेली. इंधन पंप टाकीतील पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे टाकी सतत तळाला नेणे नव्या गाड्यांना मानवत नाही. तसेच बॅटरी पूर्ण उतरली तर किक मारूनही त्या सुरू होतीलच असे नाही.

या गाड्या दोन-तीन मालकांच्या हातांतून जातात. वापरलेली गाडी घेताना मेन स्टँडवर उभी करून पुढचे चाक उचलावे आणि हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावे. मध्यभागी खटका जाणवला तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) झिजलेला आहे. मागचे चाक आडवे हलवून चिमट्याच्या बुशातील ढिलेपणा कळतो, आणि मागून पाहिल्यावर दोन्ही चाके एका रेषेत नसतील तर गाडीची चेसी कधीतरी वाकलेली असण्याची शक्यता असते. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने स्पोक, सायलेन्सरची खालची बाजू आणि ब्रेकच्या वायरी आतून गंजतात, म्हणून तिथली गाडी रंगावरून न पारखता खाली वाकून पाहावी लागते.