उन्हाळी संशोधन फेलोशिप: समुद्री धातू-लेपांच्या विषयाला अर्ज करताना नेमकं कुठे अडतं

समुद्राच्या पाण्यात टिकणारे धातू, रंगलेप, कंपोझिट यांवर सुटीत दोन महिने काम करायला बी.एस्सी. रसायन-भौतिकची मुलं चालतात, मेटलर्जी, मेकॅनिकल, केमिकलची तर चालतातच. मार्ग तीन: बंगळूर, दिल्ली, प्रयागराजच्या विज्ञान अकादमींची संयुक्त फेलोशिप, आयआयटींच्या स्वतःच्या योजना, नाहीतर थेट प्रयोगशाळेला पत्र. गंजाच्या कामासाठी कारैकुडीची सीईसीआरआय (केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था), अंबरनाथची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा, चेन्नईची एनआयओटी (राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था) ही ठिकाणं बघावीत.

पहिली ठेच तारखेची. ‘समर’ शब्द वाचून मुलं पेपर संपल्यावर फॉर्म शोधतात. अकादमींचा अर्ज आदल्या वर्षी, साधारण नोव्हेंबरपर्यंत भरायचा असतो, म्हणजे घरी कापूस वेचणी चालू असताना. आयआयटींचे बरेचसे जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. नेमकी तारीख त्या वर्षीच्या सूचनेतच बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफमध्ये नको.

दुसरी अडचण शिफारसपत्राची, आणि सगळ्यात जास्त अर्ज इथेच मरतात. बऱ्याच ठिकाणी शिफारसपत्र भरायची लिंक सरांच्या ईमेलवर जाते. कॉलेजचा तो ईमेल सहा-सहा महिने कोणी उघडत नाही, किंवा लिंक स्पॅममध्ये पडते. रोज वापरातला पत्ता विचारून घ्या आणि लिंक गेली त्याच दिवशी स्टाफरूममध्ये जाऊन उघडून घ्या. ‘विद्यार्थी होतकरू असून वर्तणूक चांगली आहे’ हे चारित्र्याचं प्रमाणपत्र झालं. कोणतं प्रॅक्टिकल तुम्ही स्वतः केलं, काय चुकलं, कसं सुधारलं, हे पत्रात हवं. सरांना मुद्दे कागदावर लिहून द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता ‘मला काय शिकायचंय’चा परिच्छेद. ‘समुद्र हा अथांग आहे’ इथून सुरुवात करू नका. समुद्र पाहिला नसला तरी अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या मुलाकडे विषय घरीच आहे. बोअरचा जी.आय. (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप जोडाच्या आट्यांपाशीच आधी का सडतो? आटे पाडताना जस्ताचा थर निघतो, पाइपाची जाडी कमी होते आणि फटीत खारं पाणी साचून राहतं. जहाजावर बोल्टखालच्या फटीतही असंच खारं पाणी अडकतं आणि तिथे गंज धरतो. इथून लिहा. जमलं तर पोलादाचे तुकडे तोलून ३.५ टक्के मिठाच्या पाण्यात (एक लिटर द्रावणात ३५ ग्रॅम मीठ) पंधरा दिवस ठेवा, गंज साफ करून पुन्हा तोला आणि आकडे द्या. लोणारचं उदाहरण मात्र जपून वापरा. ते पाणी खारं असलं तरी त्याचा सामू (pH) १०च्या आसपास, समुद्राचा ८च्या थोडा वर. दोन्ही एकच धरले की वाचणाऱ्याला अभ्यास कच्चा असल्याचं लगेच कळतं.

अंबरनाथसारख्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेला कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीनेच पत्र जातं. पाणबुडीवर काम करायचंय असं लिहू नका, इंटर्नला गोपनीय भागात नेत नाहीत.

कागदपत्रांत गुणपत्रिका, बोनाफाईड, आधार, स्वतःच्या नावाचं, वापरात असलेलं बँक खातं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असतं, त्यामुळे अर्जात गुणपत्रिकेप्रमाणेच नाव ठेवा. सीजीपीएला मनाने दहाने गुणू नका, विद्यापीठाचं सूत्र जोडा. सूचनेत मागितलं नसेल तर उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअरसाठी सेतूच्या रांगेत चार दिवस घालवू नका. कोणीतरी ‘असू द्या, लागतंच’ म्हणतं आणि तेवढ्यात फॉर्म बंद होतो.

राहिली विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा. वेळापत्रक उशिरा लागतं, पेपर मे-जूनपर्यंत लांबतात आणि निवड झालेली मुलं तिथे हजर होऊ शकत नाहीत. पेपर कधी संपण्याचा अंदाज आहे आणि कोणत्या तारखेपासून येऊ शकता, हे मार्गदर्शकाला निवडीचं पत्र आल्याबरोबर कळवा. मे उजाडायची वाट पाहू नका.