अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण : 2004 च्या निकालापासून आजपर्यंत

सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने 1 ऑगस्ट 2024 रोजी सहा विरुद्ध एक अशा बहुमताने राज्यांना अनुसूचित जातींच्या आरक्षणात उपवर्ग पाडण्याची मुभा दिली. त्यानंतर तेलंगणा, आंध्र प्रदेश, कर्नाटक, हरियाणा यांच्या घोषणा एकामागून एक आल्या. स्पर्धा परीक्षेच्या चालू घडामोडींत ही नोंद चार ओळींत आटोपते. पण हा निकाल नेमके काय मोडून काढतो, ते अशा उपवर्गांना मनाई करणारा 2004 चा निकाल वाचल्याशिवाय कळत नाही.

सुरुवातीचा टप्पा थोडक्यात पाहू. पंजाबने 1975 मध्ये एका परिपत्रकाने अनुसूचित जातींच्या निम्म्या जागांवर वाल्मीकी आणि मजहबी शीख यांना प्रथम प्राधान्य दिले. ते तीस वर्षे फारशा खळखळीविना चालले. खरा संघर्ष आंध्र प्रदेशात उभा राहिला. माला समाजाच्या तुलनेत मादिगा समाजाला नोकऱ्या आणि प्रवेश कमी मिळतात, ही तक्रार तिथे 1990 च्या दशकात आंदोलनात उतरली. एका निवृत्त न्यायमूर्तींच्या आयोगाने अभ्यास केला आणि 2000 मध्ये कायदा झाला. 59 जातींचे चार गट आणि 15 टक्क्यांची वाटणी अशी झाली : अ गटाला 1, ब गटाला 7, क गटाला 6 आणि ड गटाला 1 टक्का. मादिगा ब गटात, माला क गटात.

हा कायदा 5 नोव्हेंबर 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रद्द ठरवला. त्यामागचे तर्क तीन पायऱ्यांचे होते. अनुच्छेद 341 नुसार राष्ट्रपतींच्या अधिसूचनेत आलेल्या जाती त्या राज्यापुरत्या अनुसूचित जाती ‘असल्याचे मानण्यात येते’; म्हणून यादीत आलेल्या सगळ्या जाती मिळून एकजिनसी वर्ग होतो, ही पहिली पायरी. एकजिनसी वर्गाचे पुन्हा तुकडे करणे म्हणजे समानतेचा भंग, ही दुसरी. आणि या यादीत भर घालण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार 341(2) प्रमाणे फक्त संसदेला असल्याने राज्याने केलेली वाटणी ही यादीतली ढवळाढवळ ठरते, ही तिसरी.

यातली पहिली पायरीच कच्ची होती. कायद्यात एखादी गोष्ट ‘मानली’ जाते ती ठरावीक कामापुरती. 341 चे काम कोण अनुसूचित जातीत मोडतो याची ओळख पटवण्याचे आहे. त्या जातींमध्ये आपसांत फरकच नाही, असे हा अनुच्छेद कुठेही म्हणत नाही. डोक्यावरून मैला वाहणारी जात आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळेपर्यंत पोहोचलेली जात एका अधिसूचनेत आल्याने समान होत नाहीत. शिवाय आंध्रने एकाही जातीला यादीबाहेर काढले नव्हते. 59 च्या 59 जाती यादीतच होत्या, एकूण 15 टक्केही तेवढेच होते. 1992 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने इतर मागासवर्गात ‘मागास’ आणि ‘अधिक मागास’ असा भेद मान्य केला होता. ते सूत्र अनुसूचित जातींना लागू नाही, असे 2004 च्या पीठाने ठरवले.

परिणाम आंध्रपुरता राहिला नाही. याच निकालाच्या आधारे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने 2006 मध्ये पंजाबचे 1975 चे परिपत्रक रद्द केले. पंजाबने त्याच वर्षी कायदा केला, तर 2010 मध्ये त्यातील हेच प्राधान्य देणारे कलम 4(5) रद्द झाले. तमिळनाडूने मात्र 2009 मध्ये वेगळी घडण वापरली. अनुसूचित जातींच्या जागांपैकी 16 टक्के, म्हणजे एकूण 18 टक्के आरक्षणातले साधारण 3 टक्के, अरुंधतियार समाजाला प्राधान्याने. उमेदवार न मिळाल्यास त्या जागा इतर अनुसूचित जातींना. आणि उरलेल्या जागांवर अरुंधतियार उमेदवारांनाही स्पर्धेची मुभा. पंजाबचे प्रकरण वर सरकत 2020 मध्ये पाच न्यायाधीशांपुढे आले. त्यांना 2004 चा निकाल चुकीचा वाटला, पण तितक्याच संख्येच्या पीठाचा निकाल त्यांना उलटवता येत नव्हता. म्हणून सात न्यायाधीश बसले.

2024 च्या निकालाबाबत उत्तरपत्रिकेत दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, ‘क्रिमी लेयर (मागासवर्गातील पुढारलेल्यांना आरक्षणातून वगळण्याचा निकष) लागू झाला’. तसे झालेले नाही. चार न्यायाधीशांनी अनुसूचित जाती-जमातींनाही तो लागू करावा असे मत मांडले, पण तो प्रश्न पीठापुढे निर्णयासाठी नव्हता. दुसरी, ‘राज्यांना मोकळीक मिळाली’. मुभा सशर्त आहे. राज्याने प्रतिनिधित्व अपुरे असल्याचे आकडेवारीने दाखवले पाहिजे, शंभर टक्के जागा एकाच उपवर्गाला देता येणार नाहीत आणि प्रत्येक वर्गीकरण न्यायालयात तपासले जाईल. भिन्नमत नोंदवणाऱ्या न्यायमूर्तींनी 2004 ची भूमिकाच कायम ठेवली : प्राधान्य देणे म्हणजे यादीत बदल करणे, आणि तो संसदेचाच अधिकार. निकाल अनुच्छेद 15(4) आणि 16(4) खालील प्रवेश व नोकऱ्यांचा आहे. 330 आणि 332 खालच्या राखीव मतदारसंघांना तो स्पर्श करत नाही.

तेलंगणाने 14 एप्रिल 2025 पासून अंमल सुरू केला. 59 जाती, तीन गट : गट 1 मध्ये 15 जातींना 1 टक्का, गट 2 मध्ये 18 जातींना 9, गट 3 मध्ये 26 जातींना 5 टक्के. कागदावर हे सुबक दिसते. अडचण बिंदुनामावलीत, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाला हे क्रमाने ठरवणाऱ्या तक्त्यात, सुरू होते. शंभर बिंदूंच्या नामावलीत 1 टक्क्याच्या गटाला एकच बिंदू मिळतो. ज्या संवर्गात एका भरतीत वीस पदे निघतात, तिथे त्या गटाची पाळी पाच भरत्यांतून एकदा येणार. भरती तीन-तीन वर्षांनी होत असेल, तर एका पदासाठी पंधरा वर्षे. पाळी आली आणि पात्र उमेदवार नसेल, तर जागा पुढच्या गटाकडे जाते. सगळ्यात मागे राहिलेल्या जातींसाठी केलेली सोय अशी नामावलीतच विरते.

कर्नाटकात आयोगाने 2025 मध्ये 17 टक्क्यांचे पाच गट सुचवले होते. त्यात 59 भटक्या जातींना स्वतंत्र 1 टक्का होता. ऑगस्ट 2025 मध्ये मंत्रिमंडळाने 6-6-5 असे तीन गट ठरवले आणि भटक्यांना बंजारा, भोवी यांसारख्या मोठ्या समाजांसोबत 5 टक्क्यांच्या गटात टाकले. तिथल्या मोजणीचा गुंताही समजून घ्यावा : आदि कर्नाटक, आदि द्रविड या नावांखाली काही भागांत मादिगा नोंदले गेले आहेत, तर काही भागांत होलेय. मूळ जात नोंदली गेली नसेल, तर प्रतिनिधित्व मोजायचे कशावर?

महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत 59 जाती आणि आरक्षण 13 टक्के. मातंग समाजाची स्वतंत्र वाटणीची मागणी जुनी आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. खरे तर पोटविभागणीचा अनुभव राज्याला आहेच : विमुक्त जाती (अ) 3 टक्के, भटक्या जमाती (ब) 2.5, (क) 3.5, (ड) 2 टक्के. पण तो राज्याच्या स्वतःच्या यादीतला आहे. इथे यादी राष्ट्रपतींची, त्यामुळे आकडेवारीची कसोटी अधिक कडक लागणार. बौद्ध धर्मांतरितांना 1990 पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे. त्यातल्या अनेकांच्या नोंदी नुसत्या ‘बौद्ध’ अशा आहेत, म्हणजे कर्नाटकातला नोंदींचा गुंता इथेही आहे. नुसती लोकसंख्या देऊन भागणार नाही. जातनिहाय, संवर्गनिहाय, नोकरीतील गट अ ते गट ड या पदश्रेणींनुसार भरलेल्या पदांची मोजणी लागेल, आणि ती आस्थापनेच्या सेवापुस्तकांतून आणि जातवैधता प्रमाणपत्रांतूनच काढावी लागेल.