‘वायच खाली घे’ म्हणजे पट्टी की सप्तक?

गणपतीच्या दिवसांत मालवणजवळच्या आमच्या वाडीत महिला भजनी मंडळाला मी डिजिटल पियानोवर साथ करत होतो. गजर तारसप्तकात चढला तशी मावशीने मान वळवून सांगितलं, “वायच खाली घे रे, वर जड जाता.” मी घाईत ऑक्टेव्हचं उणे बटण दाबलं. पियानोचा आवाज खाली गेला, मावशीचा त्रास मात्र होता तसाच राहिला. तिला खालची पट्टी, म्हणजे गाण्याचा सा खालच्या सुरावर, हवी होती आणि मी खालचं सप्तक दिलं होतं.

आपल्या बोलण्यात दोन्हींना ‘खाली’च म्हणतात. पियानोवरही दोन्हींना अधिक-उणेचीच बटणं असतात, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. पण या दोन गोष्टींचा परिणाम फार वेगळा होतो.

पट्टी बदलणारं बटण म्हणजे ट्रान्सपोज. त्याचा एक आकडा म्हणजे अर्धा स्वर. उणे चार केलं की पांढरी एकवरून (इंग्रजी C) चार पावलं खाली उतरायचं: पांढरी सात, काळी पाच, पांढरी सहा, काळी चार. बोटं पांढरी एकवरच राहतात, कानावर मात्र काळी चार पडते. म्हणजे ‘सा’ बदलला. ऑक्टेव्हचा एक आकडा म्हणजे असे बारा अर्धे स्वर. पांढरी एक पांढरी एकच राहते, फक्त तिची कंपनसंख्या निम्मी होते. मधल्या सप्तकातली पांढरी एक सेकंदाला सुमारे २६२ कंपनांची असते, ती १३१ वर येते. मावशीचा सा जिथे होता तिथेच राहिला, म्हणून तिचा तार पंचमही तेवढाच उंच राहिला. माझं बटण तिच्या गळ्यापर्यंत पोचलंच नाही.

दोन्ही गोष्टी एका ठिकाणी मात्र एकमेकींना भेटतात. काळी चारला उणे चारनेही जाता येतं आणि अधिक आठनेही. पहिल्यात सा सुमारे २०८ कंपनांवर येतो, दुसऱ्यात ४१५ वर. फरक बरोबर एका सप्तकाचा. अनेक पियानोंवर ट्रान्सपोज उणे सहा ते अधिक सहाच्या आसपास थांबतो, म्हणून अधिक आठ मिळतच नाही. तेव्हा उणे चार करायचं आणि आवाज फार जाड वाटला तर ऑक्टेव्ह एकने वर न्यायचा. पट्टी ट्रान्सपोजने ठरवायची, सप्तक ऑक्टेव्हने. हा क्रम मी आता सोडत नाही.

पेटी वाजवणाऱ्यांना हे समजायला जड जाऊ नये. स्केलचेंजर पेटीत बोटांनी दाबायच्या पट्ट्यांची चौकटच बाजूला सरकते आणि तीच बोटं वेगळ्या सुरांवर पडतात. तोच ट्रान्सपोज. कपलर लावला की एक पट्टी दाबताना तिच्याच सुराची एका सप्तकापलीकडची पट्टीही दाबली जाते. खर्ज-नर अशा दुहेरी सुरांच्या पेटीत तर एकाच पट्टीखाली दोन सप्तकांचे सूर एकत्र वाजतात, आणि पियानोवरचं लेअरिंग, म्हणजे एका पट्टीवर दोन वाद्यांचे आवाज एकत्र लावणं, हे त्याचंच पुढचं रूप. स्केलचेंजर वापरणाऱ्या बुवांना कुणी कमी लेखत नाही, तेव्हा ट्रान्सपोज वापरणाऱ्या शिकाऊ पोरालाही कुणी टोकू नये असं मला मनापासून वाटतं.

खरा घोळ लेअर लावल्यावर होतो. समजा पियानोच्या आवाजासोबत स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनसारख्या वाद्यांचा आवाज, लावल्या. ट्रान्सपोज सबंध वाद्याला लागू होतो, दोन्ही आवाज जोडीने सरकतात. ऑक्टेव्ह मात्र बहुतेक वाद्यांत प्रत्येक आवाजाचा वेगळा ठेवता येतो. त्यामुळे स्ट्रिंग्ज आधीच एक सप्तक खाली ठेवल्या असतील आणि वर ट्रान्सपोज उणे चार केला, तर त्या एकूण सोळा अर्धे स्वर खाली जातात. डाव्या हाताला नुसती घरघर उरते, छोट्या स्पीकरमधून तर सूर कळतच नाही. भजनाच्या साथीला मी उलट करतो: पट्टी खाली नेली की स्ट्रिंग्ज मूळ सप्तकात आणतो, नाहीतर एक सप्तक वर, आणि त्यांचा आवाज पियानोपेक्षा बराच हळू ठेवतो. बासरीचा आवाज लेअरला लावायचा असेल तर तो वरच्या सप्तकातच शोभतो.

शिवाय दोन आवाज म्हणजे प्रत्येक पट्टीमागे किमान दोन सूर खर्च होतात. ६४ सुरांची पॉलिफोनी असेल, म्हणजे एका वेळी ६४ सूर वाजू शकत असतील, तर हाताशी ३२ च उरतात. पेडल दाबून धरलं की आधीचे सूर मध्येच तुटायला लागतात.

पट्टी बदलली की सोबतच्यांचाही विचार करावा लागतो. सप्तक बदललं तर पखवाजवाल्याला काहीच करावं लागत नाही. पट्टी चार पावलं उतरली तर पखवाजाचे लाकडी गठ्ठे ठोकून भागेलच असं नाही, दुसरा पखवाज काढावा लागतो. म्हणून पट्टी आरती सुरू होण्याआधी ठरवून घ्यावी. बासरीवाल्याने पट्टी विचारली तर बोटं कुठे आहेत ते सांगू नये, कानावर काय पडतंय ते सांगावं: “काळी चार.”

आणि आमच्याकडे पावसात लाईट जाते. बऱ्याच पियानोंवर बंद होऊन परत चालू झालं की ट्रान्सपोज आपोआप शून्यावर येतो. मंडळी काळी चारमध्ये गात असतात आणि पियानो पांढरी एकमधून सुरू होतो. लाईट आली की आधी मावशीकडून सा घ्यायचा, एक पट्टी हलकेच दाबून बघायची, मग दोन्ही हात ठेवायचे.