‘प्रिन्स चालून नाही राहिला’: जुने गेम नव्या विंडोजवर का अडतात, त्यामागची पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिथे एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. वय तिशी-पस्तिशीचं, नोकरी पुण्याला नाहीतर हैदराबादला, हातात नवा लॅपटॉप आणि खिशात कुठल्यातरी मित्राकडून आणलेला पेन ड्राइव्ह. ‘दादा, प्रिन्स चालून नाही राहिला. डबल क्लिक केलं का हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही, असं म्हणते.’ पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: ‘फाइल तर तीच आहे. तेव्हाच्या डब्यावर चालायची, मग एवढ्या भारी लॅपटॉपवर काहून नाही?’

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण ते चाळीस वर्षांत पसरलेलं आहे.

आधी आमच्याकडची गोष्ट सांगतो, कारण इथला काळाचा हिशेब जरा वेगळा आहे. २००१ मध्ये एमकेसीएल, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, स्थापन झालं आणि पुढे एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यात निघाले. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तो त्या वर्गात, नाहीतर शाळेच्या लॅबमध्ये. मशीन नागपूरहून आणलेल्या, जुळवलेल्या किंवा सेकंडहँड, आत विंडोज ९८. सर बाहेर गेले की प्रिन्स, डेव्ह, डिगर सुरू व्हायचे. प्रिन्स ऑफ पर्शिया जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये ॲपल-२ या कॉम्प्युटरसाठी केला आणि १९९० मध्ये तो डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधी पीसी चालवणाऱ्या व्यवस्थेवर, आला. म्हणजे आम्ही तो पाहिला तेव्हाच त्याला दहा-बारा वर्षं झालेली होती. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं मिळायची आणि इकडे भारनियमन. तिसऱ्या पातळीपासून कंट्रोल आणि जी दाबून गेम सेव्ह करता येतो, हे आमच्या वर्गात ज्या पोट्ट्याला माहीत होतं त्याचा मान मोठा होता, कारण लाईन कधी जाईल याचा नेम नव्हता.

गेम आमच्याकडे जुना होऊनच यायचा आणि मशीनही मरेपर्यंत वापरली जायची. शहरात लोकांनी ९५, ९८, एक्सपी, व्हिस्टा, सेव्हन अशा पायऱ्या एकेक करून चढल्या. आमच्याकडे कितीतरी घरांत ९८ किंवा एक्सपीवरून थेट ६४ बिटच्या लॅपटॉपवर उडी पडली. (बिट म्हणजे प्रोसेसर एका वेळी केवढा आकडा हाताळतो त्याचं माप: आधी १६, मग ३२, आता ६४.) मधली सगळी मोडतोड त्यामुळे एकदम अंगावर आली, आणि नेमकं काय कधी मोडलं हे कोणाला कळलंच नाही.

डॉसच्या काळात गेम सुरू झाला की सगळी मशीन त्याची असायची. १९८१ च्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर एकूण १ एमबी मेमरी ओळखायचा आणि त्यातले ६४० केबी प्रोग्रामच्या वाट्याला यायचे. गेम लिहिणारा मधे कोणाला विचारत नसे. स्क्रीनच्या मेमरीत थेट रंग भरायचा, ३२० बाय २०० ठिपके आणि २५६ रंग. आवाज हवा असेल तर साउंड ब्लास्टर या आवाजाच्या कार्डाशी थेट बोलायचा, त्याचे ठरलेले पत्ते वापरून: पोर्ट २२०, आयआरक्यू ५ नाहीतर ७, डीएमए १. आमच्या सरांनी हे आकडे कॅबिनेटवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवले होते. ते का लागतात हे मला दुकान टाकल्यावर समजलं.

वेळ मोजायची रीतही तशीच होती. सुरुवातीच्या कितीतरी गेममध्ये घड्याळ नव्हतंच. प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा आहे हे धरूनच चाल ठरवलेली असायची. प्रोसेसर वेगवान झाले तसे हे गेम डोळ्यासमोरून पळून जायला लागले. जुन्या कॅबिनेटवरचं टर्बो बटण त्यासाठीच होतं. नाव टर्बो असलं तरी त्याचा खरा उपयोग मशीन हळू करण्यासाठी व्हायचा. १९८३ चा डिगर नंतरच्या मशीनवर खेळण्याजोगा राहिला नव्हता. अँड्र्यू जेनर यांनी तो खोलून पुन्हा बांधला आणि १९९८ मध्ये डिगर रीमास्टर्ड या नावाने दिला, म्हणून तो पुढच्यांना मिळाला. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेल्या कितीतरी प्रोग्रामांचं दुखणंही वेगाचंच. मशीन केवढी वेगवान आहे हे ते सुरू होतानाच मोजायचे. पेंटियम टू आल्यावर मोजलेला आकडा १६ बिटांत मावेना आणि प्रोग्राम ‘रनटाइम एरर २००’ म्हणून जागीच थांबे. बिघाड कशातच झालेला नसायचा. मशीन इतकी जलद होईल हे लिहिणाऱ्याने धरलंच नव्हतं.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं तेव्हा जुने प्रोग्राम चालले पाहिजेत यासाठी मायक्रोसॉफ्टने फार कष्ट घेतले होते. सिमसिटी या गेमची गोष्ट प्रसिद्ध आहे. परत केलेली मेमरी पुन्हा वाचायची, अशी त्यात चूक होती. आधी ती खपून जायची, नव्या विंडोजमध्ये गेम कोसळायचा. तेव्हा विंडोजच्या लोकांनी सिमसिटी चालू आहे का हे ओळखून, फक्त त्याच्यासाठी मेमरी लगेच परत न घेण्याची सोय केली. दुसऱ्याच्या चुकीसाठी आपल्या घरात वेगळी जागा करून देणं मला फार मोलाचं वाटतं. कंपॅटिबिलिटी मोड म्हणून आपण उजवी क्लिक करून जो निवडतो, तो याच विचारातला: जुन्या प्रोग्रामला जुनं उत्तर द्यायचं.

९५ आणि ९८ च्या खाली डॉस जिवंत होता. २५ ऑक्टोबर २००१ ला एक्सपी आलं आणि घरगुती विंडोजमधला तो पाया गेला. एक्सपी एनटीच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसांसाठीच्या वेगळ्या विंडोजच्या, घराण्यातलं. तिथे कोणत्याही प्रोग्रामला हार्डवेअरला थेट हात लावता येत नाही. डॉसचे प्रोग्राम चालावेत म्हणून एनटीव्हीडीएम नावाची सोय होती, पण ती पुरती नव्हती. प्रिन्स सुरू व्हायचा, पण आवाज अडखळायचा किंवा यायचाच नाही. तेव्हा आम्हाला वाटायचं की स्पीकरच गेला.

खरा दरवाजा बंद झाला तो ६४ बिटने. एएमडीने २००३ मध्ये ६४ बिटचे प्रोसेसर आणले. त्यांच्या ६४ बिट पद्धतीत ८०८६ ची नक्कल करणारी जुनी सोय ठेवलेली नाही. एनटीव्हीडीएम नेमकं त्याच सोयीवर उभं होतं. मग ६४ बिट विंडोजमध्ये ते आलंच नाही आणि त्याच्याबरोबर १६ बिटचे सगळेच प्रोग्राम गेले. त्या गिऱ्हाइकाला दिसणारा संदेश इथून येतो. विंडोज ११ ची तर ३२ बिट आवृत्तीच नाही. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती हे या घराण्यातलं शेवटचं ठिकाण होतं जिथे डॉसचा प्रोग्राम डबल क्लिकवर उघडत असे, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधारही संपला.

यातली एक मेख दुकानात वारंवार दिसते. १९९५ ते २००० दरम्यानच्या कितीतरी सीडींवर गेम ३२ बिटचा असतो, म्हणजे आजही चालू शकतो, पण त्याचा सेटअप मात्र १६ बिटचा. सेटअप नकार देतो आणि माणूस सीडी फेकून देतो. चालत असलेल्या जुन्या मशीनवरून गेमचं अख्खं फोल्डर उचलून आणलं, तर पुष्कळदा काम होऊन जातं.

पिनबॉलबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं. आमच्या लॅबमध्ये सर्वांत जास्त खेळला गेलेला गेम तोच असेल, कारण तो कुठून आणावा लागत नसे, पुढे लॅबमध्ये आलेल्या एक्सपीसोबतच यायचा. सिनेमाट्रॉनिक्स या कंपनीने तो केला होता आणि पहिल्यांदा तो विंडोज ९५ च्या प्लस पॅकमध्ये होता. व्हिस्टापासून तो दिसेनासा झाला. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २०१२ मध्ये त्याचं कारण लिहिलं. ६४ बिटसाठी तयार केल्यावर चेंडू समोरच्या वस्तूंना धडकेचना, भुतासारखा आरपार जायचा. कोड बाहेरच्या कंपनीचा, वर्षानुवर्षं जुना, आत समजावणारी टिपणं नाहीत. चूक सापडली नाही, वेळ नव्हता, म्हणून गेम काढला. पुढे हौशी लोकांनी जुनी फाइल उलगडून त्याचा कोड पुन्हा लिहून काढला आणि आज तो लिनक्सवरही चालतो. कंपनीने सोडलेलं काम खेळणाऱ्यांनी पुरं केलं, आणि या साऱ्या इतिहासात पुन्हा पुन्हा हेच घडलेलं दिसतं.

त्यातलं सर्वांत मोठं काम डॉसबॉक्स या प्रोग्रामचं. २००२ मध्ये तो पहिल्यांदा बाहेर आला. सबमर्सिबल बसवलेल्या बोअरवेलवर मोट चालत नाही. मोट चालवायची तर विहीर, धाव, नाडा, थारोळं, बैलजोडी, सगळंच लागतं. डॉसबॉक्स हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो: जुना प्रोसेसर, चित्र दाखवणारं जुनं व्हीजीए कार्ड, जुना साउंड ब्लास्टर, त्याच्या पोर्ट २२० सकट. गेमला वाटतं आपण १९९० मध्येच आहोत. खालची विंडोज ६४ बिटची असो की मशीन वेगळ्याच प्रोसेसरची, त्याला फरक पडत नाही. वेग सुद्धा हातात येतो. कंट्रोलसोबत एफ ११ दाबलं की हळू, एफ १२ दाबलं की जलद. त्या टर्बो बटणाचं काम आता दोन बटणं करतात. गिऱ्हाइकाला मी माउंटची एक ओळ लिहून देतो, कोणतं फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून दाखवायचं एवढी, आणि प्रिन्स आवाजासकट उभा राहतो.

याच डॉसबॉक्सने कापसाचा आणि सोयाबीनचा हिशेब ठेवणारे आडतेही सावरलेले मी पाहिले आहेत. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममध्ये लिहिलेला बिलांचा प्रोग्राम नव्या मशीनवर उघडेना, तेव्हा तोही याच वाटेने उघडला. डॉसबॉक्स करणाऱ्यांचा भर गेमवर आहे, त्यामुळे छपाईला मला वेगळी खटपट करावी लागली.

ज्या गेमांचा मूळ कोड बाहेर आला त्यांचं नशीब आणखी चांगलं निघालं. डूम डिसेंबर १९९३ चा. त्याचा कोड आयडी सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये खुला केला आणि तेव्हापासून तो नव्या-नव्या मशीनवर नेण्याचं काम थांबलेलं नाही. प्रिन्सचा ॲपल-२ वरचा मूळ कोड हरवल्यासारखाच होता. मेकनर यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या डिस्क सापडल्या, आणि २०१२ मध्ये तो कोड सर्वांसाठी खुला झाला. डॉसवरचा प्रिन्स हौशी लोकांनी वेगळा उलगडला आणि एसडीएलपॉप म्हणून आजच्या विंडोजसाठी बांधला. त्याला डॉसबॉक्ससुद्धा लागत नाही.

विंडोजवरच्या गेमांची दुखणी निराळी. १९९९ चा एज ऑफ एम्पायर्स टू २५६ रंगांचा ठरावीक संच मागतो. विंडोज ७ वर डेस्कटॉपची त्यात ढवळाढवळ व्हायची आणि गवत जांभळं दिसायचं. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून गेम सुरू करायचा, ही युक्ती आमच्याकडच्या सगळ्या पोरांना पाठ होती. सीडी खरी आहे का हे तपासणारं सेफडिस्क मात्र कायमचं नडलं. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात शिरायचा आणि ते सुरक्षेला धोक्याचं होतं. २०१५ मध्ये विंडोज १० ने त्याला घेतलं नाही आणि त्याच वर्षी एका अपडेटने जुन्या विंडोजवरही तो बंद केला. म्हणजे ज्याने पैसे मोजून खरी सीडी घेतली त्याचाच गेम अडला. हे मला आजही अन्यायाचं वाटतं. २००८ मध्ये सुरू झालेल्या जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानाने जुने गेम अशी कुलपं काढून, गरजेप्रमाणे डॉसबॉक्स आतच बांधून विकायला घेतले, तेव्हा पैसे देऊन सरळ मार्गाने खेळायची वाट पुन्हा उघडली.

अलीकडचं एक उदाहरण तर शिकवायला घ्यावं असं आहे. २००५ मध्ये पीसीवर आलेल्या जीटीए सॅन अँड्रियासमध्ये स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान आहे. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर ते गायब झालं. शोध घेतल्यावर कळलं की वाहनांच्या माहितीच्या फाइलीत या विमानाच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडेच लिहिलेले नव्हते. इतकी वर्षं आधीच्या वाहनाचे आकडे मेमरीच्या त्याच जागी योगायोगाने शिल्लक राहत होते, आणि विमान त्यावरच चालत होतं. नव्या विंडोजने ती जागा स्वतःच्या कामाला वापरली आणि जवळपास वीस वर्षं झाकलेली चूक उघडी पडली. विंडोजला दोष द्यायला इथे जागा नाही, कारण ती मेमरी गेमची नव्हतीच.

आता राहिल्या सीडी. त्या वाचवायचं काम थांबण्यासारखं नाही. टिनाच्या छपराखाली, उन्हाळ्याच्या पंचेचाळीस डिग्रीत, कपाटावर ठेवलेल्या राइट केलेल्या सीडीचा रंगाचा थर ऊन-उष्णतेने खराब होतो. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या कितीतरी वाचताच येत नाहीत. वाचता येते आहे तोवर तिची इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची नक्कल असलेली फाइल, करून घ्या. पण नुसती आयएसओ या प्रकारची इमेज करू नका. नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ गेमांचं संगीत सीडीवर गाण्यांसारखं वेगळ्या ट्रॅकमध्ये असतं आणि आयएसओत ते येत नाही. बिन आणि क्यू अशी दोन फाइलींची जोडी बनवली की संगीतही येतं, आणि डॉसबॉक्समध्ये इमगमाउंट या आदेशाने ती क्यू फाइल लावली की गेमला खरी सीडी आत आहे असंच वाटतं.